वाकड्या जबड्याची मोजदाद

पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत, म्हणजे भूकवच ताणले जाऊन मधला पट्टा खाली खचल्यामुळे तयार झालेल्या लांबलचक खोलगटीत, टांगानिका सरोवर पसरलेले आहे. बुरुंडी, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, टांझानिया आणि झांबिया या चार देशांचे किनारे त्याला लाभले असून सुमारे ६७० किलोमीटर लांबी आणि सुमारे १,४७० मीटर कमाल खोली यांमुळे बैकलनंतरचे जगातील सर्वांत खोल सरोवर म्हणून त्याची गणना होते. या खोलीपैकी बहुतेक जीवसृष्टीच्या वाट्याला मात्र वरचा थोडाच थर येतो, कारण साधारण १०० ते २०० मीटरांच्या खाली पाण्यात प्राणवायू उरत नाही. त्या वरच्या थरात, आणि विशेषतः किनाऱ्यालगतच्या खडकाळ पट्ट्यात, सिक्लिड या कुळातील माशांच्या सुमारे २५० जाती राहतात आणि त्यांतील जवळजवळ सगळ्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात अन्यत्र कोठेही निसर्गतः न आढळणाऱ्या, आहेत. महाराष्ट्राच्या धरणांत पसरलेली, मुळात आफ्रिकेतून आणलेली चिलापी आणि कोकण-गोव्याच्या खाड्यांतील काळुंदर हे मासे याच कुळातले असल्यामुळे मराठी वाचकाला हे कुळ अगदीच परके नाही. परंतु टांगानिकाच्या खडकांमध्ये या कुळाने उपजीविकेचे जे मार्ग शोधले आहेत, त्यांतील एक मार्ग इतका विलक्षण आहे की त्याचा उलगडा करण्यात संशोधकांच्या काही पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

हा मार्ग आहे दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाण्याचा. पेरिसोडस मायक्रोलेपिस या शास्त्रीय नावाने ओळखला जाणारा, सुमारे ११ सेंटिमीटर लांबीचा मासा मोठा झाल्यावर प्रामुख्याने खवल्यांवरच जगतो. तो भक्ष्याला मारत नाही. खडकांच्या आसपास दबा धरून तो शेवाळ खरवडण्यात गुंतलेल्या माशांकडे मागच्या बाजूने सरकतो, एका झेपेत त्यांच्या कुशीला तोंड लावतो, अंग पिळून काही खवले उपटतो आणि दूर होतो. खवला हा हाडासारख्या कठीण द्रव्याचा असला तरी त्याच्यावर त्वचेचे आणि श्लेष्म्याचे आवरण असते, त्यात प्रथिने असतात, आणि ओरबाडलेल्या जागी नवा खवला पुन्हा उगवतो. म्हणून ज्याच्यावर हल्ला झाला तो मासा सहसा जगतो, आणि जगतो म्हणूनच पुढच्या हल्ल्याबाबत सावध होतो. शिकारी आणि सावज यांच्यातील हा संबंध एका मृत्यूने संपत नाही, तर रोज नव्याने चालू राहतो, ही गोष्ट या माशाच्या संपूर्ण अभ्यासाच्या मुळाशी आहे.

या माशाची विज्ञानाशी ओळख जिवंत रूपात झाली नाही. जे. ई. एस. मूर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात टांगानिकातून गोळा करून नेलेल्या नमुन्यांचा अभ्यास लंडनच्या संग्रहालयात जॉर्ज बूलांजे यांनी केला आणि १८९८ मध्ये या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. संग्रहालयातल्या कामाची एक निश्चित शिस्त असते: बरणीतून बाहेर काढलेला मासा पंखातील काटे, खवल्यांच्या ओळी, दातांची ठेवण आणि शरीराची प्रमाणे यांच्या आधारे तपासला जातो आणि त्या तपासणीतून जातीची ओळख ठरते. ही शिस्त अपरिहार्य आहे, कारण तिच्याशिवाय अडीचशे जातींच्या गर्दीत कोणताही पुढचा प्रश्न विचारता येत नाही. तरीही मद्यार्कात टिकवलेल्या माशाचे तोंड किंचित एका बाजूला वळलेले दिसले, तर ती विकृती आहे, साठवणुकीत आलेला बाक आहे की जिवंतपणीचे लक्षण आहे, हे केवळ एका नमुन्यावरून सांगता येत नाही. खवले खाण्याच्या सवयीकडे मार्लिए आणि लेलू यांनी १९५४ मध्ये एका छोट्या शोधनिबंधातून लक्ष वेधले. पुढे १९७६ मध्ये कॅरेल लीम आणि डोनाल्ड स्टुअर्ट यांनी टांगानिकातील खवले खाणाऱ्या सिक्लिड माशांची नव्याने वर्गवारी केली; तिच्यात त्यांनी एका नव्या जातीचे वर्णन करताना तिच्या जबड्याच्या असमान ठेवणीची नोंद घेतली आणि ही असमानता कुशीवरच्या हल्ल्याला सोयीची असावी, हा विचार पुढे आला. पण सोयीचे असणे आणि प्रत्यक्षात त्याचा उपयोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर पाण्यात उतरूनच ओलांडता येण्यासारखे होते.

हे अंतर ओलांडण्याचे काम मुख्यतः जपानी संशोधकांनी आणि त्यांच्या काँगोतील सहकाऱ्यांनी केले. क्योटो विद्यापीठातील हिरोया कावानाबे यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जपानी परिस्थितिवैज्ञानिक सरोवराच्या वायव्य किनाऱ्यावरील उविरा येथील संशोधन केंद्राच्या साहाय्याने काम करू लागले. खडकाळ तळावरील ठरावीक क्षेत्र आखून घेऊन त्यातील मासे जातवार मोजायचे, त्यांच्या हद्दी नकाशावर उतरवायच्या, कोण काय खातो, कोण कोणाला हुसकावतो आणि कोण कोणाच्या पिल्लांची राखण करतो हे जागेवर पाहायचे, अशी या कामाची रीत होती. तिच्यातून घडलेल्या पाहणीचा मोठा भाग पुढे १९९७ मध्ये कावानाबे, होरी आणि नागोशी यांनी संपादित केलेल्या, टांगानिकातील मत्स्यसमुदायांवरील ग्रंथात एकत्र आला.

पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली निरीक्षण करणे हे किनाऱ्यावरून दिसते त्यापेक्षा कितीतरी सावकाश चालणारे काम असते. हातात प्लास्टिकची पाटी आणि पेन्सिल, हवेचा मोजका साठा आणि पाहण्यासाठी निवडलेला एकच मासा, एवढ्या सामग्रीवर निरीक्षकाला भागवावे लागते. सरोवराचे पृष्ठभागाजवळचे पाणी साधारण २५ अंश सेल्सियसचे, म्हणजे सुखकर वाटावे असे असले, तरी हालचाल न करता एका जागी तरंगत राहिल्यावर अंगातली ऊब हळूहळू निघून जाते आणि लक्ष विचलित होऊ लागते. मे ते सप्टेंबर या कोरड्या काळात आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात, लाटा उठतात आणि उथळ भागात गाळ ढवळून दृश्यता घटते. काही किनाऱ्यांवर मगरी आणि पाणघोडे यांचेही भान ठेवावे लागते. खवले खाणारा मासा बराच वेळ काहीच करत नाही. तो खडकाच्या आडोशाने थांबतो, पुढे सरकतो, पुन्हा थांबतो, आणि मग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झेप घेऊन परततो. झेप यशस्वी झाली की हुकली, कोणत्या जातीच्या माशावर झाली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भक्ष्याच्या डाव्या कुशीवर झाली की उजव्या, या सगळ्याची नोंद त्या एका क्षणाच्या आठवणीवरून पाटीवर करावी लागते. कोणत्या बाजूची झेप अपेक्षित आहे हे आधीच ठाऊक असले तर डोळा तीच पाहू लागण्याचा धोका असतो, म्हणून अशा कामात हुकलेल्या, अर्धवट आणि संदिग्ध झेपांची नोंदही तितक्याच काटेकोरपणे ठेवणे ही निरीक्षकाची पहिली बांधिलकी ठरते.

या दीर्घ पाहणीमुळे एक गोष्ट अशीही घडली की शिकारी म्हणून निवडलेला मासा केवळ शिकारी राहिला नाही. या जातीची मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि पिल्ले बाहेर आल्यावर नर व मादी दोघेही त्यांच्याभोवती पहारा देतात. यासुनोबू यानागिसावा यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की काही पालक आपली पिल्ले तोंडात धरून त्याच जातीच्या दुसऱ्या जोडीच्या पिल्लांत नेऊन सोडतात, म्हणजे त्यांच्या राखणीचा भार दुसऱ्या पालकांवर सोपवतात. त्याच वर्षी काँगोचे संशोधक एन्शोम्बो यांनी यानागिसावा आणि नागोशी यांच्यासह या माशाच्या वाढीबरोबर त्याचा आहार कसा बदलतो ते नोंदवले: लहान पिल्ले प्राणिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर जगतात आणि वाढता वाढता खवल्यांकडे वळतात. मिचियो होरी यांनी १९८७ मध्ये आणखी पुढे जाऊन दाखवले की खवले खाणाऱ्या निरनिराळ्या जाती एकाच ठिकाणी शिकार करतात तेव्हा त्यांच्या हल्ल्याच्या रीती भिन्न असल्यामुळे एकीची उपस्थिती दुसरीला अडचणीची न ठरता उलट साहाय्यक ठरू शकते. भक्ष्याचे लक्ष विभागले जाते आणि त्या विभागणीचा लाभ दोघींना मिळतो. भक्ष्याचे लक्ष ही या कथेतील खरी मोलाची वस्तू आहे, हे येथेच प्रथम स्पष्ट होऊ लागले.

पाण्याखालच्या कामाला जोड होती ती टेबलावरच्या कामाची, आणि तेही कमी कष्टाचे नव्हते. पकडलेल्या माशाच्या जठरात गिळलेले खवले एकावर एक साचलेले सापडतात. माशाच्या अंगावरील खवल्यांचा आकार काटेकोरपणे समप्रमाण नसतो. डाव्या कुशीवरचा खवला आणि उजव्या कुशीवरचा खवला यांच्या ठेवणीत फरक असतो, आणि अभ्यस्त डोळ्याला सूक्ष्मदर्शकाखाली खवला पाहून तो कोणत्या बाजूने उपटला गेला हे ओळखता येते. अशा प्रकारे प्रत्येक माशाच्या पोटात त्याच्या अलीकडच्या हल्ल्यांची एक वही सापडते आणि ती वही त्याच माशाच्या जबड्याच्या कलाशी ताडून पाहता येते. दोन्ही नोंदींतून एकच गोष्ट निघाली. ज्याचे तोंड उजवीकडे वळलेले आहे तो मासा भक्ष्याच्या डाव्या कुशीवर आणि ज्याचे तोंड डावीकडे वळलेले आहे तो उजव्या कुशीवर हल्ला करतो. मागून येऊन भक्ष्याच्या डाव्या अंगाला सरकलेल्या माशाला भक्ष्याचे शरीर आपल्या उजवीकडे लागते, हे लक्षात घेतले की या जुळणीतील सोय उमगते.

एवढ्यावर थांबले असते तरी तो एक चांगला शोध ठरला असता. होरी यांनी मात्र दुसरा प्रश्न विचारला: एकाच जातीत दोन्ही प्रकारचे मासे जवळजवळ निम्मे-निम्मे का राहतात आणि एक प्रकार दुसऱ्याला कायमचा मागे का टाकत नाही? या प्रश्नाचे उत्तर एका हंगामात मिळणे शक्य नव्हते, म्हणून सुमारे एक दशकभर गोळा केलेल्या नमुन्यांमधून डाव्या आणि उजव्या कलाच्या माशांचे प्रमाण मोजले गेले. १९९३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसून आले की हे प्रमाण स्थिर नसून सुमारे ५ वर्षांच्या फेऱ्यात समसमान बिंदूच्या अलीकडे आणि पलीकडे झुलत राहते. त्याचे कारण त्यांनी वारंवारिता-सापेक्ष निवडीत शोधले. एखाद्या लक्षणाचा लाभ ते लक्षण समूहात किती जणांजवळ आहे यावर अवलंबून असणे, असा या संज्ञेचा अर्थ. डाव्या कुशीवर हल्ला करणारे मासे जास्त झाले की भक्ष्ये डाव्या बाजूबाबत अधिक दक्ष होतात, जसा शेतातला राखणदार ज्या बांधावरून गुरे वारंवार शिरतात त्या बांधाकडे तोंड करून बसतो. मग उजव्या कुशीवर येणाऱ्या थोड्या माशांना मोकळीक मिळते, त्यांचे पोट अधिक भरते, त्यांची संतती वाढते, आणि ते बहुसंख्य होताच दक्षतेचा रोख त्यांच्याकडे वळतो. अल्पसंख्य असणे हाच येथे लाभ आहे आणि तो लाभ स्वतःच्या यशानेच संपुष्टात येतो. लिंगांचे प्रमाण समसमान का राहते याचे रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये केलेले विवेचन याच प्रकारच्या युक्तिवादावर उभे आहे, परंतु निसर्गातील एखाद्या समूहात हा झोका वर्षानुवर्षे मोजून दाखवला जाणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट होती, आणि म्हणूनच हा मासा उत्क्रांतीच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

पाठ्यपुस्तकात स्थान मिळाल्यानंतर एखाद्या निष्कर्षाचे काय होते, हा या कामातील अनुभवाचा पुढचा आणि तितकाच महत्त्वाचा भाग आहे. जबडा डावीकडे आहे की उजवीकडे, हे ठरवताना पूर्वी मुख्यतः डोळ्यांच्या निर्णयावर भर होता. २०१२ मध्ये जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठातील कुशे, ली आणि मायर यांनी जबड्याचा कल मोजमापांनी तपासला तेव्हा त्यांना दोन स्वतंत्र गट आढळले नाहीत. कलाच्या मापांचा आलेख काढल्यावर मधोमध एकच शिखर दिसत होते, म्हणजे बहुसंख्य माशांचे तोंड थोडेसेच वळलेले होते आणि ठळक डावे किंवा ठळक उजवे मासे कडेला होते. त्याच संशोधकगटाच्या प्रयोगांत असेही दिसले की जवळजवळ सरळ तोंडाचे मासेसुद्धा हल्ल्यासाठी एक ठरावीक बाजू पसंत करतात. होरी यांनी साध्या जनुकीय वारशाने हा कल ठरतो असे मांडले होते. पुढील अभ्यासांत मात्र वारशाचा वाटा मर्यादित आणि परिस्थितीचा वाटा लक्षणीय असल्याचे दिसू लागले. अनेक वर्षे डोळ्यांनी वर्गवारी करणाऱ्या निरीक्षकाला असा निष्कर्ष सुखावणारा नसतो. तरीही मोजमापाचे साधन बदलल्यावर चित्र बदलते, ही गोष्ट मान्य करण्याची तयारी नसेल तर मोजण्याला अर्थच उरत नाही.

या मतभेदातून काम थांबले नाही. उलट ते अधिक खोल गेले. जपानमधील युइची ताकेउची, होरी आणि योइची ओडा यांनी २०१२ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने हल्ल्याचे चित्रण केले आणि मासा आपल्या पसंतीच्या बाजूने झेप घेतो तेव्हा त्याच्या शरीराचा पीळ अधिक वेगवान व अधिक मोठा असतो, असे दाखवले. पुढे २०१६ मध्ये निरनिराळ्या वयाच्या माशांच्या जठरातील खवले तपासल्यावर असे आढळले की कोवळ्या वयातील मासे दोन्ही कुशींवर हल्ले करतात आणि वाढीबरोबर एका बाजूची निवड ठाम होत जाते. त्यानंतरच्या प्रयोगांनी या निवडीत अनुभवाचा, म्हणजे ज्या बाजूने यश अधिक मिळते ती बाजू शिकण्याचा, हात असल्याचे सूचित केले. बरणीतल्या एका नमुन्यात केवळ हाड म्हणून दिसलेली गोष्ट अशा रीतीने हाड, मेंदू, सवय, वारसा आणि भक्ष्याची दक्षता यांच्या एकत्रित व्यवहाराची खूण ठरली. यांपैकी कोणताही दुवा आधीचे सगळे काम खोटे ठरवून आलेला नाही. प्रत्येकाने आधीच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच नवे प्रश्न त्यांना विचारता आले.

या सगळ्या अनुभवाचे सार काळाच्या मापात आहे. पाच वर्षांत एक फेरा पूर्ण करणारा झोका दोन वर्षांच्या प्रकल्पाला दिसत नाही. अशा प्रकल्पाच्या हाती फक्त 'डावे मासे वाढत आहेत' किंवा 'उजवे वाढत आहेत' एवढाच निष्कर्ष लागेल, आणि तो आकडेवारीने बिनचूक असूनही अर्थाने चुकीचा असेल. टांगानिकाच्या किनाऱ्यावर असे दीर्घ काम टिकवणे सोपे राहिलेले नाही. १९९६ पासून झाईरच्या पूर्व भागात, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या उविराच्या परिसरात, युद्धाचा वणवा पसरला आणि परदेशी संशोधकांचे काम प्रामुख्याने झांबियातील म्पुलुंगूच्या किनाऱ्याकडे केंद्रित झाले. काँगोतील संशोधकांनी मात्र अशांततेच्या वर्षांतही आपल्या केंद्राशी असलेले नाते सोडले नाही. दरम्यान सरोवरही बदलते आहे. कॅथरीन ओरायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की पाणी तापल्यामुळे वरचे आणि खालचे थर मिसळणे मंदावले आहे, खालून येणारी पोषणद्रव्ये त्यामुळे कमी पडत आहेत आणि सरोवराची प्राथमिक उत्पादकता, म्हणजे सूक्ष्म वनस्पतींकडून होणारी अन्ननिर्मिती, सुमारे २० टक्क्यांनी घटली असावी. उतारांवरची जंगले तुटल्याने वाहून येणारा गाळ खडकांच्या फटींत बसतो. शेवाळ खरवडणारे मासे ज्या खडकांवर जगतात आणि त्यांच्या मागे खवले खाणारा मासा ज्या आडोशांत थांबतो, तेच हे खडक आहेत.

म्हणून या माशाचे जतन आणि त्याच्या मोजणीचे जतन या दोन निराळ्या गोष्टी मानता येत नाहीत. सरोवर तापत असताना डाव्या-उजव्याचा झोका पूर्वीसारखाच चालतो आहे की त्याची लय बदलते आहे, हे सांगण्याचे साधन केवळ जुन्या नोंदींना जोडून घेतलेल्या नव्या नोंदी हेच आहे, आणि त्या घेणारी माणसे उविरा, म्पुलुंगू, टांझानियातील किगोमा आणि बुरुंडीतील बुजुंबुरा येथे कायमची राहणारी असली पाहिजेत, त्यांना पगार, होडी, सूक्ष्मदर्शक आणि पुढच्या वर्षीची शाश्वती मिळाली पाहिजे. उत्क्रांती ही लक्षावधी वर्षांपूर्वी घडून गेलेली घटना नसून आजच्या पाण्यात, आजच्या सावजाच्या सावधपणामुळे, मोजता येईल अशा वेगाने चाललेली प्रक्रिया आहे, हे या लहानशा माशाने दाखवून दिले. पण ते दिसले ते ज्यांनी पाचव्या, सातव्या आणि दहाव्या वर्षीही तोच जबडा त्याच काळजीने पुन्हा तपासला त्यांना, आणि ज्ञानक्षेत्राने या चिकाटीला शोधाइतकाच मान देणे हे तिचे न्याय्य देणे आहे.